नाथांच्या हिशेबातली एक पै



दत्तजयंतीच्या अंकासाठी काहीतरी लिहा, असे संपादक मंडळी दरवर्षी सांगतात आणि मी दरवर्षी उत्सवाचा जमाखर्च लिहून देऊन मोकळा होतो. बँकेत चौतीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला आकडे लिहिता येतात, लेख लिहिणे हे आपले काम नव्हे, असे म्हणून मी आजवर सुटलो. यंदा मात्र आपण होऊन कागद पुढे ओढला. विषय संत एकनाथ महाराजांचा आहे, आणि त्यात एक जुना हिशेब माझाही आहे. तो ओघाने येईलच.

दत्ताच्या अंकात नाथ कुठून आले, असे कोणी विचारील. आपण गुरुवारी सायंकाळी देवळात उभे राहून दत्ताची जी आरती म्हणतो, ती नाथांचीच. शेवटच्या कडव्यात त्यांचे आणि त्यांच्या गुरूंचे नाव जोडीने येते. कितीतरी वर्षे मी ती आरती पाठ म्हणत होतो, टाळही वाजवत होतो, पण ते नाव कोणाचे याकडे लक्ष गेले नव्हते. आपल्यापैकी पुष्कळांचे असेच असेल. तोंडात बसलेल्या गोष्टीकडे कान जात नाही.

नाथांचा जन्म पैठणचा, साधारण १५३३ सालचा. पैठण म्हणजे जुने प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. गोदावरीच्या काठी शास्त्री-पंडितांची घरे, आणि कोणत्याही धर्मशास्त्राच्या प्रश्नावर इथल्या ब्रह्मवृंदाचा निर्णय मागायला लांबून लोक येत. दुसऱ्या बाजूला राज्य निजामशाहीचे, दप्तर फारसी वळणाचे, वाड्यांत आणि गल्ल्यांत दखनी बोलणारी माणसे, विणकर, शिपाई, फकीर, गोसावी. एकाच घाटावर एवढे सगळे. या गावात भानुदास महाराजांच्या कुळात नाथ जन्मले. पांडुरंगाची मूर्ती विजयनगरहून पंढरपूरला परत आणली असे ज्यांच्याविषयी सांगतात, तेच हे भानुदास, नाथांचे पणजोबा. आईवडील, सूर्यनारायण आणि रुक्मिणी, लहानपणीच गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजीने पोर वाढवले.

बाराव्या वर्षाच्या सुमारास हे पोर घरात कोणाला न सांगता निघाले ते थेट देवगडावर. आजच्या रस्त्याने साठ-पासष्ट किलोमीटर असेल. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाताना वाटेत तो सुळक्यासारखा किल्ला दिसतो. यादवांची देवगिरी, तुघलकाने नाव ठेवले दौलताबाद. त्या वेळी तिथे निजामशाहीच्या चाकरीत जनार्दनस्वामी होते. मूळ चाळीसगावचे देशपांडे, किल्ल्याचे अधिकारी, आणि दत्ताचे निस्सीम भक्त.

इथे जरा थांबतो. आपण संतचरित्र वाचताना गुरूंच्या नोकरीकडे बघत नाही. जनार्दनस्वामी एका मुसलमान सुलतानाचे चाकर होते. वसुली, शिबंदी, किल्ल्याच्या कुलुपांच्या चाव्या यांचा जिम्मा त्यांच्यावर होता. असा विश्वास मिळायला माणूस कामात चोख लागतो. परंपरेत असे सांगतात की स्वामींचा गुरुवार दत्तसेवेचा, म्हणून देवगडाला शुक्रवारऐवजी गुरुवारी सुट्टी असे. म्हणजे बघा, राजा एका धर्माचा, अधिकारी दुसऱ्या धर्माचा, आणि सगळ्या गडाची साप्ताहिक सुट्टी अधिकाऱ्याच्या उपासनेसाठी बदललेली. आमच्या बँकेत एका माणसाची रजा मंजूर करून घ्यायची म्हटली तरी केवढे पत्रव्यवहार!

स्वामींनी त्या मुलाला ठेवून घेतले आणि पहिले काम दिले ते हिशेबाचे. ध्यान नाही, मंत्र नाही. सहा वर्षे सेवा आणि दप्तर. आणि मग ती प्रसिद्ध रात्र आली. जमाखर्चात एक पै जुळेना. नाथ दिवा लावून बसले. वात सरली तेव्हा नवी घातली. किल्ला झोपला. तिसऱ्या प्रहरी चूक सापडली आणि त्या आनंदात नाथांनी टाळी वाजवली. स्वामी जागे होते, मागे उभे राहून बघत होते. एका पैच्या चुकीसाठी एवढी एकाग्रता आणि ती सापडल्यावर एवढा आनंद, तर हेच चित्त देवाकडे लावलेस तर काय होईल, अशा अर्थाचे ते बोलले, आणि त्यानंतर नाथांची खरी साधना सुरू झाली.

ही गोष्ट कीर्तनात ऐकताना लोक मान डोलावतात. मला मात्र ती टाळी ऐकू येते. आमच्या काळी संगणक नव्हते. सेव्हिंगची लेजरे हाताने लिहायची आणि महिनाअखेर बॅलन्सिंग. बेरीज जनरल लेजरशी टॅली झाली नाही की सगळी शाखा बसून राही. फरकाला नऊने भाग जातो का, हे आधी बघायचे. जात असेल तर कोणीतरी चोपन्नचे पंचेचाळीस लिहिले असण्याचा संभव. कधी रात्रीचे अकरा वाजत. आणि फरक किती, तर सत्तर पैसे. बाहेरच्या माणसाला हसू येते. खिशातून घाला की हो सत्तर पैसे, असे माझी पत्नी म्हणे. पण खिशातून घालून चालत नाही. चूक जिथे आहे तिथेच सापडावी लागते. सापडली की माणूस खरोखर टाळी वाजवतो. मी स्वतः वाजवली आहे.

पुढे नाथांना दत्तदर्शन झाले, त्याची कथा आपल्या सगळ्यांच्या कामाची आहे. पोथ्यांतून तपशिलात फरक आहेत, गाभा एकच. स्वामींनी सांगितले होते की आज देव येतील. आले कोण, तर एक मलंग. चामड्याचे कपडे, लाल डोळे, बरोबर कुत्री, बोलणे मुसलमानी. स्वामी त्याच्याबरोबर एका पात्रात जेवायला बसले आणि नाथांनाही बोलावले. पैठणच्या सोवळ्यातले ते पोर कचरले. मलंग निघून गेला आणि मग कळले की दत्त महाराज येऊन गेले. पुढच्या वेळी मात्र नाथ चुकले नाहीत. काही अभ्यासक सांगतात की जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले हे सूफी परंपरेतले सत्पुरुष होते, आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद हे त्यांचेच शिष्य. सांप्रदायिक मंडळी म्हणतात, गुरू प्रत्यक्ष दत्तात्रेयच. यात वाद घालण्याइतका मी विद्वान नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या धरल्या तर माझ्यासारख्या दत्तभक्ताचे काही अडत नाही, उलट सोयच होते. गुरुचरित्रातही बिदरचा यवन राजा नृसिंहसरस्वतींकडे मांडीवरच्या फोडाचे दुःख घेऊन येतो, आणि महाराज त्याला परतवून लावत नाहीत.

त्या पहिल्या वेळी नाथ कचरले, हे चरित्रकारांनी झाकून ठेवले नाही, याचे मला फार वाटते. कारण मीही कचरलो होतो. पण ते नंतर.

शूलिभंजनच्या डोंगरावर तप, स्वामींबरोबर त्र्यंबकेश्वरची यात्रा, तिथे चतुःश्लोकी भागवतावर पहिली रचना, मग एकट्याने तीर्थाटन, असे करत नाथ पैठणला परतले. स्वामींची आज्ञा होती, लग्न कर आणि घरात राहा. गिरिजाबाई घरात आल्या. गोदा आणि गंगा या मुली, हरी हा मुलगा. घरात उद्धव नावाचा सेवक, गावबा नावाचा पुरणपोळीवेडा पोर, आणि दाराशी येईल तो. नाथांचे सगळे मोठे काम या वाड्यात, संसारात राहून झाले. हिमालयात बसून समता सांगणे सोपे आहे. स्वयंपाकघर ज्याच्या वाड्यात आहे त्याची खरी परीक्षा.

आणि परीक्षा स्वयंपाकघरातच झाली. पितृश्राद्धाचा दिवस. आत ब्राह्मणांसाठी स्वयंपाक झालेला. बाहेरून महार मंडळी चालली होती, त्यांच्या लेकरांना वास आला आणि ती आईबापाला म्हणू लागली की असे अन्न आपल्याला कधी मिळणार. नाथांनी ऐकले. गिरिजाबाईंनी पाने मांडली आणि सगळे तयार अन्न त्या मंडळींना पोटभर वाढले. मग घर धुऊन, नव्याने चूल पेटवून ब्राह्मणांचा स्वयंपाक सुरू केला. पण ब्रह्मवृंद काही आला नाही. पुढे पितर स्वतः येऊन जेवले, अशी कथा आहे. मला मात्र आठवण होते ती गिरिजाबाईंची. दोन वेळा श्राद्धाचा स्वयंपाक म्हणजे काय, ते आपल्या घरातल्या बायकांना विचारा. चरित्रात त्यांच्या कुरबुरीचा एक शब्द नाही.

वाळवंटातली गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळूत एका महाराचे तान्हे पोर रडत होते. नाथ स्नान करून येत होते. त्यांनी ते कडेवर घेतले, नाक-तोंड पुसले आणि त्याच्या आईबापाच्या घरी नेऊन दिले. राण्या महार नावाच्या भक्ताच्या घरी ते जेवायला गेले, हीही कथा आहे. त्या काळच्या पैठणात यातली एकेक गोष्ट वाळीत टाकायला पुरेशी होती, आणि प्रायश्चित्ते नाथांना घ्यावी लागलीच. नाथ घाटावर बसून प्रायश्चित्त घेत. भांडत नसत, आणि परत तसे करणार नाही असेही म्हणत नसत.

लोकांना दोन्हीकडून त्यांचा त्रास होई. एक यवन त्यांच्या स्नानाच्या वाटेवर बसून अंगावर थुंकत असे. नाथ परत जाऊन स्नान करीत. असे शंभरावर वेळा झाले म्हणतात, शेवटी तोच शरमला. ही गोष्ट सांगताना पुष्कळ कीर्तनकार त्या माणसाच्या धर्मावर जोर देतात. त्यांनी दुसरीही सांगावी. पैठणच्याच काही टवाळांनी एका गरजू ब्राह्मणाला दोनशे रुपयांचे आमिष दाखवून नाथांना राग आणून दे म्हणून पाठवले. तो जोड्यांसकट येऊन पूजेला बसलेल्या नाथांच्या मांडीवर बसला. नाथ म्हणाले, एवढ्या ओढीने भेटायला कोणी आले नव्हते. जेवताना गिरिजाबाई वाढायला वाकल्या तशी त्याने त्यांच्या पाठीवर उडी मारली. नाथांनी बाईंना सांगितले, पाहुणा पडणार नाही असे बघा. त्या म्हणाल्या, हरीला पाठीवर घेऊन कामे करायची सवय आहे मला. तो ब्राह्मण रडकुंडीला आला. पैसे गेल्याचे दुःख त्याने सांगितले तेव्हा नाथ हळहळले, आधी सांगितले असते तर रागावलो असतो म्हणाले. तर थुंकणारा एका धर्माचा, पाठीवर बसणारा दुसऱ्या. हिशेबात दोन्ही बाजू लिहाव्या लागतात.

हे दोन्ही बाजू लिहिण्याचे काम नाथांनी शब्दशः केले. त्यांचा हिंदू-तुर्क संवाद पुष्कळांनी वाचलेला नसतो; मीही निवृत्तीनंतर वाचला. वाचताना अंगावर काटा येतो. तुर्क विचारतो, दगड काय पुजता, तुमच्या पुराणातले देव असे कसे वागतात. हिंदू विचारतो, देव सगळीकडे भरलेला असेल तर एकाच दिशेला तोंड कशाला. दोघेही एकमेकांना वर्मी लागेल असे बोलतात, मराठी आणि दखनी मिसळून, आणि नाथ कोणाचाही शब्द मऊ करीत नाहीत. मला वाटले, आता हाणामारीवर येणार. पण बोलता बोलता दोघांनाही उमगते की भांडण ज्याच्यावरून चालले आहे तो एकच आहे, आणि दोघे एकमेकांना मिठी मारतात.

आपल्याकडे सलोख्याच्या सभा होतात. मीही मंडळातर्फे एक-दोनदा गेलो आहे. सगळे एक आहोत असे सगळे म्हणतात, शाल-श्रीफळ होते, चहा होतो आणि आपापल्या गल्लीत परत. मनातले कोणी बोलत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर फरक सस्पेन्स खात्याला टाकायचा आणि पुस्तक बंद करायचे. नाथांनी नावे-जमा दोन्ही रकाने पुरते लिहिले, मगच बेरीज मारली.

भारुडांचेही तसेच. सुमारे तीनशे भारुडे त्यांनी रचली. बोलणारे कोण, तर जोशी, गोंधळी, वासुदेव, भुत्या, महार, कोल्हाटीण, फकीर, दरवेशी, आंधळा, बहिरा. गावात जेवढी म्हणून सोंगे आणि धंदे, तेवढ्या सगळ्यांच्या तोंडी वेदान्त. काही भारुडे तर सरकारी कागदाच्या घाटाची आहेत. अर्जदस्त, जाबचिठ्ठी, अभयपत्र. फारसी शब्दांनी भरलेला कचेरीचा मसुदा आणि आत जिवाची कैफियत. देवगडच्या दप्तरात बसलेल्या माणसालाच हे सुचणार. लोकांना पाटील-कुलकर्ण्याचा कागद कळत होता, त्याच कागदावर नाथांनी परमार्थ लिहून दिला.

मोठे ग्रंथ तर आहेतच. भागवताच्या अकराव्या स्कंधावर अठरा हजारांहून अधिक ओव्यांची टीका, पैठणला सुरू केली आणि १५७३ साली काशीत पुरी झाली. मराठीत भागवत लिहिले म्हणून काशीच्या पंडितांनी आक्षेप घेतला, नाथांना बोलावून घेतले, आणि शेवटी ग्रंथाची मिरवणूक निघाली, असे सांगतात. या ग्रंथाचे सातवा, आठवा आणि नववा हे अध्याय दत्तभक्तांनी आवर्जून वाचावेत. अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, मधमाशी, अजगर, बाण घडवणारा कारागीर, कांडणाऱ्या कुमारीच्या बांगड्या, पिंगला नावाची वेश्या. कोणाकडून काय घेतले ते अवधूत सांगतो. तो कोण, कुठला, हे विचारीत नाही. नाथ या प्रसंगावर रमले आहेत.

१५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. ती जवळजवळ तीनशे वर्षांची झाली होती. नकला करणाऱ्यांनी ठिकठिकाणी आपल्या पदरच्या ओव्या घुसडल्या होत्या. नाथांनी प्रती जमवल्या, एकीशी दुसरी ताडून पाहिली आणि पाठ निश्चित केला. आणि यात यापुढे कोणी भर घालू नये, असे बजावून ठेवले. पुन्हा तेच, जुळवणी. पै सापडेपर्यंत न उठणे.

आता घरातला कठीण भाग. मुलगा हरिपंडित मोठा विद्वान निघाला, संस्कृतातला. बापाचे मराठी पुराण आणि कोणाच्याही घरचे अन्न त्याला मानवेना. भांडून तो काशीला निघून गेला. जगाला जोडणाऱ्या माणसाचा स्वतःचा मुलगा घर सोडून गेला, हे चरित्र वाचताना मला फार लागते. काही काळाने नाथ त्याला आणायला काशीला गेले. मुलाने दोन अटी घातल्या. मराठीत पुराण सांगायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या. वाचकहो, हे मला बरीच वर्षे पटत नव्हते. ज्यासाठी सारे गाव अंगावर घेतले ते मुलासाठी सोडून दिले? आता स्वतः आजोबा झाल्यावर थोडे समजते. घराबाहेरच्यांना धरून ठेवायचे आणि घरातल्याला सोडून द्यायचे, ही बेरीज नाथांना जमणारी नव्हती.

हरिपंडित पुराण सांगू लागला. श्रोते मात्र आटले. मग एक गरीब म्हातारी आली. तिचा सहस्रभोजनाचा संकल्प राहून गेला होता, आणि एका नाथांना जेवू घातले की सहस्र जेवले असे तिला वाटत होते. स्वयंपाक हरिपंडिताच्याच हातचा ठरला, म्हणजे अट मोडू नये. नाथ जेवले. उष्टी पत्रावळ उचलायला हरिपंडित वाकला, तर पत्रावळीखाली पत्रावळ, तिच्याखाली आणखी एक. तो उचलत राहिला, हजारापर्यंत. मग त्याने वडिलांचे पाय धरले आणि वाड्यात पुन्हा मराठी पुराण सुरू झाले.

आता माझे. आमच्या शाखेत एक दप्तरी होते. सगळे त्यांना मामा म्हणत. जुनी लेजरे, व्हाउचरचे गठ्ठे, शिवणकाम, सगळे त्यांच्याकडे. रोज सकाळी सर्वांच्या तारखेच्या शिक्क्यांची तारीख बदलून ते प्रत्येकाच्या टेबलावर ठेवीत. कितीतरी रात्री आमचा फरक त्यांनी जुने गठ्ठे काढून देऊन सोडवला होता. मामांनी स्टाफ लोन काढून दोन खोल्या बांधल्या आणि सगळ्या शाखेला जेवायला बोलावले. त्यांचे घर ज्या वस्तीत होते तिकडे आमच्यापैकी काहीजण एरवी पाऊल टाकत नसत. मी गेलो. पाकीट दिले. पाने मांडली होती. आणि मी सांगितले, आज माझा गुरुवारचा उपवास आहे.

त्या दिवशी बुधवार होता.

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी मला पाणी दिले, तेही मी ओठाला लावून ठेवले. ज्याने सकाळी माझ्या शिक्क्याची तारीख स्वतःच्या हाताने फिरवली होती, त्याला वार सांगून मी फसवायला निघालो होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिक्का टेबलावर ठेवला आणि आज गुरुवार आहे, एवढे म्हणाले. एरवी ते वार सांगत नसत. आणि तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत दर गुरुवारी चहाच्या वेळी ते माझ्या टेबलावर दोन केळी ठेवीत. पैसे घेत नसत. ती केळी मी सात वर्षे खाल्ली. त्यांच्यात टोमणा होता की माया होती, हे मला तेव्हाही ठरवता आले नाही. त्याच काळात संध्याकाळी मी देवळात नाथांची आरती म्हणत होतो.

गेल्या फाल्गुनात नाथषष्ठीला पैठणला गेलो. फाल्गुन वद्य षष्ठी. स्वामींचा जन्म, स्वामींना दत्तानुग्रह, गुरुशिष्यांची भेट, १५७५ साली स्वामींचे समाधिस्थ होणे आणि १५९९ साली नाथांनी गोदावरीत घेतलेली जलसमाधी, सगळे याच तिथीला. गावातल्या वाड्यात तो रांजण आहे. श्रीखंड्याच्या रूपाने द्वारकेच्या देवाने त्यात बारा वर्षे पाणी भरले, अशी श्रद्धा आहे. तुकाराम बीजेपासून लोक रांजण भरायला लागतात आणि तो भरून वाहिला की देव येऊन गेला म्हणतात. मी रांगेत उभा राहिलो. पुढे एक मजूर बाई होती, मागे दिंडीतला एक पोरगेला वारकरी. कळशी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात होती. माझ्या हातात आली, मी ओतली आणि पुढे सरकलो. कोणाच्या हातचे पाणी कोणाच्या पाण्यात मिसळले, त्या रांजणात शोधून सापडणार नाही. नदीकाठी समाधिमंदिरात बसलो तेव्हा मात्र मला सारखी दोन केळी दिसू लागली.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मामांचा पत्ता काढून गेलो. घर तेच, वर एक मजला चढला आहे. मामा ओट्यावर खुर्चीत बसले होते. ऐंशीच्या पुढे गेले आहेत, कानाने कमी ऐकू येते. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. इकडचे तिकडचे बोलणे झाले, कोण गेले, कोणाची मुले कुठे आहेत. जेवणाची वेळ झाली होती. मामांनी सुनेला हाक मारून आज वार कोणता ते विचारले. ती म्हणाली, गुरुवार. तेव्हा त्यांनी तिला सांगितले की साहेबांना उपवास असतो, साबुदाणा भिजवलेला असेल तर बघ, नाहीतर केळी आणायला नातवाला पाठव.

मी आत गेलो आणि पाटावर बसलो. पिठले-भाकरी होती, बरोबर लसणाची चटणी. मामांना आत आणून माझ्याशेजारी बसवले. मी दुसरी भाकरी मागितली तेव्हा ते माझ्याकडे बघून हसले आणि सुनेला म्हणाले, अजून वाढ, यांचा गुरुवार काल झाला.